पाचटीची कोपी

शिवांजलीचं पोस्टकार्ड मी ज्या पुस्तकात ठेवलं, ते पुस्तक पुढं माझ्याच्यानं वाचवलं नाही. कपाट उघडलं की ते समोर दिसायचं. कार्डाचा पिवळा कोपरा पानांतून बाहेर आलेला असायचा. मी कपाट लावून घ्यायचो.

टपाल दिनाला शाळेतल्या मॅडमनी पोरांना एकेक कार्ड दिलं होतं आणि वाटेल त्याला पत्र लिहा म्हणून सांगितलं होतं. बाकीच्यांनी मामाला लिहिलं, आत्याला लिहिलं. बलभीमच्या पाचवीतल्या लेकीनं मला लिहिलं. तिचं घर माझ्या घरापासून हाकेवर. माझा जन्म गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला, चावी अजून माझ्याकडंच असते, आणि रोज शाळा सुटल्यावर ती तिथं येऊन पायरीवर बसते. तरी कार्ड रीतसर पोस्टातून आलं. त्यात लिहिलं होतं:

"ती. महालिंगप्पा आजोबांना शिवांजलीचा शि. सा. नमस्कार. तुम्ही शाळेत सांगितलं होतं की धुरानं आभाळ तापतं. तापलेलं आभाळ जास्त पाणी धरतं आणि एकदम सोडतं. माझ्या पप्पांनी ऊस तुटल्यावर रानातली पाचट पेटवली होती. काडीपेटी मी आणून दिली होती. म्हणून आमच्या रानात पाणी आलं का? खरं असेल ते पत्रानं कळवा."

शाळेत मी बोललो होतो हे खरं. श्रावणात मॅडम वाचनालयात आल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, हवामान बदलतंय म्हणजे काय ते मुलांना सोपं करून सांगा. त्यांना काय करता येईल तेही सांगा." मला चार माणसांत बोलता येत नाही. नाही म्हणण्याचंही धैर्य झालं नाही. चार-पाच पुस्तकं काढली, आठवडाभर टिपणं केली. पृथ्वीभोवती हवेची गोधडी आहे, धुरानं ती जाड होत चाललीय, असं सांगायचं ठरवलं. पण वर्गात गेल्यावर मी टिपणांत बघूनच वाचायला लागलो. मोठमोठे कारखाने, कोळशावर चालणारी वीज, विमानं, हे सगळं सांगताना पोरांच्या डोळ्यांत काही दिसेना. म्हणून मी जवळचं उदाहरण घेतलं. म्हटलं, "आपल्या रानात पाचट पेटवतात बघा, तो धूर कुठं जातो?" पोरं एकदम जागी झाली. मला बरं वाटलं. जमलं असं वाटलं.

जवळचं उदाहरण घेतलं की दोषही जवळच्याच्या पदरात पडतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

नवरात्र बसायच्या तोंडावर तो पाऊस झाला. बेंबळीच्या रस्त्याला आमचं गाव, तिथून खाली ओढ्याच्या कडेला बलभीमचं रान. वरच्या अंगाला ऊस, खालच्या तुकड्यात काढणीला आलेलं सोयाबीन. ओढा पात्र सोडून त्या तुकड्यातूनच गेला. सोयाबीन तर गेलंच, पण पाणी ओसरल्यावर पाहिलं तर माती नव्हती. पाटीवरची अक्षरं ओल्या फडक्यानं पुसावीत तशी माती पुसली होती. खाली पांढरा मुरूम आणि धोंडे.

पत्राचं उत्तर मी लिहायला बसलो नाही असं नाही. "हवामान बदल ही साऱ्या जगाची समस्या असून" असं एक वाक्य लिहिलं आणि फाडलं. "तुझ्या पप्पांचा काही दोष नाही" असं लिहिलं, मग वाटलं, धूर तर धूरच. हे लिहिलं तर शाळेत सांगितलेलं खोटं ठरतं. आणि ते खरं म्हणावं तर या लेकरानं बापाकडं कसं बघायचं? लिहायचं राहिलं. दिवाळी झाली.

*

दिवाळीनंतर बलभीमचं घर दगड वेचायला लागलं. बलभीम, त्याची बायको मथुरा, म्हातारी धुरपदाबाई आणि सुट्टी असली की शिवांजली. मीही जायला लागलो. मला रान नाही, दुसरं कामही नाही. खरं सांगायचं तर घरी त्या कपाटासमोर बसवत नव्हतं.

मुरमात रुतलेले दगड बलभीम पहारीनं उचकटायचा. मथुरा ते पाटीत भरून बांधाला नेऊन टाकायची. उकिडवं बसून तिची कंबर धरायची, मग उठताना ती पाटीलाच धरून उठायची. मी हाताला येतील ते बारके दगड वेचायचो.

"अप्पा, धोंडा हाय त्यो, पुस्तक न्हाय," बलभीम म्हणायचा. "दोन्ही हातानं अलगद कशाला धरायलाव? पान फाटंल व्हय?"

मी हसायचो. तो मात्र बोलून झालं की लेकीकडं बघायचा, ती हसतीय का म्हणून. ती हसायची नाही. ती त्याच्यापासून दूर, रानाच्या दुसऱ्या टोकाला वेचत असायची. त्यानं पाणी मागितलं तर तांब्या आणून बांधावर ठेवायची आणि जायची. त्याच्या बिडीची काडीपेटी रोज हरवायची.

"सदऱ्याच्या खिशात ठिवली की म्या!" तो खिसे चाचपायचा. "मथुरे, उंदरं काड्या खायलीत का काय?"

"म्या कशाला घिऊ? म्या काय बिडी वडते व्हय?" मथुरा म्हणायची. "बरंच झालं, गेली तर."

एकदा मी शिवांजलीला ती काडीपेटी दगडाखाली सारताना पाहिली. तिनंही मला पाहिलं. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली, जसं काही मी आता खिशातून कार्ड काढणार. मी खाली वाकून दगड शोधायला लागलो.

"पावसापासनं पोरगी बापाला एक शबुद बोलंना," धुरपदाबाई मला सांगायची. तिच्या बोटांना मुरमानं चिरा पडल्या होत्या, त्यांना ती खोबरेल लावत बसलेली असायची. "भ्याली वं. लोंढा बगितला ना तिनं. यरमाळ्याच्या देवीला नेऊन आणली, येडाईचा अंगारा रोज लावायलेय. पर काय फरक न्हाय. तुमी एवढी बुकं वाचताव अप्पा, ह्येच्यावर काय लिवलंय का कशात?"

"बघतो," मी म्हणालो.

भीती कशाची आहे ते मला माहीत होतं. सांगायचं म्हटलं की पुढं ढकलायचो. आज नको, उद्या, बलभीम एकटा असताना, कामात नसताना. असा दिवस निघालाच नाही.

*

येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अवसेला आमच्या भागात गावं ओस पडतात. सगळी माणसं रानात. रानात कडब्याची खोपटासारखी कोपी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, आणि ज्याला रान नाही त्याला आग्रहानं बोलावून जेवू घालायचं. मी दरसाल बलभीमच्या रानात जेवतो.

यंदा कोपीला कडबा नव्हता. रानातली कडब्याची गंज पाण्यात गेली होती आणि ज्वारी पेरायला माती नव्हती. ओढ्यापलीकडचा गुरुलिंग दोन पेंढ्या देतो म्हणाला, पण बलभीम म्हणाला, "मागून आणलेल्या कडब्याची कोपी करीत असत्यात व्हय?" वरच्या अंगाचा ऊस नुकताच तुटला होता आणि तिथं पाचट पडली होती. त्यानं तिचीच कोपी उभी केली. तीही वरच्या रानात केली नाही, खालच्या खरवडलेल्या तुकड्यात केली.

"दरसाल हितंच करताव," तो म्हणाला. "माती गेली म्हनून जागा बदलायची का?"

पाचटीची कोपी कडब्यासारखी ताठ राहत नाही. ती एका बाजूला कलली होती. गुरुलिंग आपली माणसं घेऊन जेवायला आला आणि लांबूनच ओरडला, "बलभीमा, आरं पांडवांला ह्या खोपटात बसवलंस? पुना वनवासाला जातेल की त्ये!"

सगळे हसले, बलभीमही हसला. धुरपदाबाईनं कोपीभोवती फिरत आंबील शिंपडली. मथुरानं वाढलं. उन्हात पांढऱ्या मुरमावर बसून आम्ही जेवलो. डोळे दिपत होते. कुणी त्या मुरमाबद्दल बोललं नाही. भज्जी चांगली झालीय असं मात्र प्रत्येकजण दोनदोनदा म्हणाला.

दिवस कलला तसा बलभीमनं पाचटीची एक पेंढी बांधली. संध्याकाळी अशी पेंढी पेटवून रानाला फेरी मारायची, तिला हेंडगा म्हणतात. दरसाल तोच घेऊन पळतो. यंदा त्यानं लेकीला हाक मारली.

"शिवा, ये. अवंदा हेंडगा तुझ्या हातात."

"पोरीच्या हातात?" गुरुलिंगच्या बायकोनं विचारलं.

"मंग? माझं रान तिचंच हाय. काडी बी तिनंच लावायची." त्यानं मथुराकडून काडीपेटी घेतली आणि दोन्ही हातांनी, मला पुस्तकावरून चिडवायचा तशीच अलगद, लेकीपुढं धरली. गेले दोन महिने तो जे काही करत होता, त्यातलं शेवटचं हे होतं असं मला आज वाटतं. तिनं हसावं, ओरडावं, काहीही करावं, पण त्याच्या हातातून ते घ्यावं.

ती पुढं आली नाही. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग कसनुसं हसत स्वतःच काडी ओढली. पेंढीच्या टोकाला जाळ लागला, धूर उठला. शिवांजली वळली, कोपीपुढचं आंबिलीचं मडकं दोन्ही हातांत उचललं आणि पेंढीवर उपडं केलं. चर्रर झालं. आंबील बलभीमच्या तोंडावर उडाली, हातावरून, सदऱ्यावरून खाली गळाली.

"पेटवू नका! परत पानी ईल! मागं बी तुमीच आनलं पानी, तुमी आन म्या!"

धुरपदाबाईनं तोंडावर हात ठेवला. आंबील म्हणजे प्रसाद. त्या प्रसादानं सणाचा जाळ विझला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग गुरुलिंगला हसू आलं. वाईट हेतू नव्हता त्याचा, त्याला शांतता सोसत नाही.

"ऐकलं का? पाऊस बलभीमानं आनलावता! आरं बाबा, फुडल्या साली जरा बेतानं आन."

एकदोघं हसले. बलभीमचा हात वर गेला. पोरगी हलली नाही, तिनं फक्त डोळे मिटले. तो हात तसाच राहिला आणि मग त्यानं त्याच हातानं स्वतःच्या तोंडावरची आंबील पुसली.

"कुनी सांगितलं तुला ह्ये?"

तिनं माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मी सांगितलं," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मला परत सांगावं लागलं. "बलभीम, मी सांगितलं. शाळेत. पाचटीच्या धुराचं. तिनं मला पत्रही लिहिलं होतं, असं आहे का म्हणून. टपाल दिनाला."

"मंग?"

"उत्तर दिलं नाही."

"उत्तर आलं न्हाय," शिवांजली म्हणाली. "म्हंजी खरंय."

बलभीमनं पेंढी खाली टाकली. "अप्पा, रोज संगं दगड वेचलंव की वं तुमी," एवढंच तो म्हणाला. मग तो कोपीच्या मागं गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथंच उभा राहिला. त्या साली त्या रानाला हेंडगा फिरला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. जाताना दोनदा परत फिरलो. धुरपदाबाई दारातच होती.

"या, या. लेकराच्या डोक्यात काय भरवलंव आन म्या अंगारा लावू लावू तिचं कपाळ काळं केलं!"

बलभीमनं मला बाजेवर बसवलं. चहा आला. तो पायानं जमीन उकरत होता.

"म्या पाचट पेटवली, खरंय. सगळीच पेटवत्यात. गुरुलिंग बी पेटवतो, त्याचं रान हाय तसं हाय. अप्पा, माझ्या एवढ्याशा पाचटीनं आभाळ फुटतंय व्हय?"

"नाही."

"मंग कुनाच्या धुरानं?"

मी सांगितलं. शाळेत राहून गेलेलं सगळं सांगितलं. शंभर-दीडशे वर्षांचा धूर, तो कुठल्या कुठल्या देशांतला, कुठल्या गिरण्यांतला, किती गाड्यांतला. आपल्या गावाचा त्यातला वाटा म्हणजे पोत्यातली चिमूट.

"त्येंनी धूर केला तर पानी त्येंच्याकडं जावं की," बलभीम म्हणाला. "माझ्या रानात कशाला?"

याचं उत्तर पुस्तकांत शोधलं असतं तरी मिळालं नसतं. मी तसं म्हणालो.

"त्ये असू द्या. मला सांगितलं तेवढं तिला सांगा."

शिवांजली न्हाणीपाशी भांडी घासत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. "शिवांजली, तुझ्या त्या पत्राचं..." सुरुवात केली.

"तुमी पप्पा हितं हायती म्हनून बोलायलाव," ती राखेचा हात न थांबवता म्हणाली. "तोंडानं मान्सं कायबी सांगत्यात. पत्रात खोटं लिवायचं नसतंय. मॅडमनी सांगितलंय. पत्रानं विचारलंय, पत्रानं सांगा."

मी घरी आलो. पुस्तक काढलं, कार्ड काढलं, कोरं कार्ड समोर ठेवलं. पुन्हा तेच. काहीच लिहिता येईना.

*

इतर सालात येळवस झाली की दोन दिवसांत बलभीम पाचट पेटवून, तुटल्या खोडातून फुटणाऱ्या खोडव्याला पाणी सोडायचा. यंदा पाचट तशीच पडून राहिली. "काडी घेतली की आंबीलच दिसती," तो मथुराला म्हणाला. मथुरानं ते मला सांगितलं. बापलेकीत बोलणं नव्हतंच. आता धुरपदाबाईनंही अंगारा लावायचं सोडलं होतं.

कोपीही तशीच होती, वाऱ्यानं पुरती कोसळलेली. रविवारी बलभीम ती उचलायला गेला. मी बांधावर होतो. शिवांजली बापाच्या मागं, बरंच अंतर ठेवून, पाच दगड गोळा करायला आली होती. ते घरी नेऊन ठेवायचे असतात. वारा कोरडा होता. सगळ्या तुकड्यावर मुरूम पिठासारखा उडत होता. बलभीमनं पाचटीचे कवळे बाजूला केले. शिवांजली दगडांसाठी खाली वाकली आणि तशीच राहिली. मग तिनं तळहात जमिनीला टेकला.

"पप्पा," ती म्हणाली, "हितं गार लागायलंय."

बलभीमच्या हातातला कवळा खाली पडला. त्याला आधी काय ऐकलं तेच कळलं नसावं. मग तो गुडघ्यावर बसला आणि त्यानंही हात टेकला. कोपीएवढी जागा ओली होती. आंबिलीची, दवाची, कशाची का होईना, ओल पाचटीखाली धरून राहिली होती. तळाची पाचट काळी, मऊ पडली होती आणि तिच्यात मुंग्या लागल्या होत्या. बाकी साऱ्या तुकड्यात मुंगीही नव्हती.

"आंबील हाय ती," शिवांजली म्हणाली.

"आसंल," तो म्हणाला. त्यानं हात उचलला नाही. "आसंल की, बाय माझे."

तिनं बोटानं ती काळी पाचट उकरली. मग वरच्या रानाकडं बघत म्हणाली, "ती सगळी आनून हितं टाकली तर? मंग पेटवायची बी गरज न्हाय."

त्या दिवशी दुपारी मथुराच्या जुन्या लुगड्यात भरून पाचट खाली यायला लागली. एका टोकाला बाप, एका टोकाला लेक. पाचटीची पाती सुरीसारखी असतात. संध्याकाळपर्यंत तिच्या हातांवर आणि गळ्यावर बारीक लाल ओरखडे उठले. पहिल्या दिवशी अंथरलेली सगळी वाऱ्यानं ओढ्यात नेली. दुसऱ्या रविवारी वर्गातली पोरं आली आणि आम्ही बांधावर टाकलेले दगड परत उचलून पाचटीवर ठेवायला लागलो. तेच दगड, ज्यांच्यापायी मथुराची कंबर गेली होती.

"आधी येचायचं, मंग परत टाकायचं," मथुरा म्हणाली. "रोजगार हमी हाय जनू."

गुरुलिंग ओढ्याच्या काठावर येऊन उभा राहिला. "रानाला गोधडी घालायलाव व्हय रं? थंडी वाजायली का त्याला?"

शिवांजलीनं एकदम माझ्याकडं पाहिलं. शाळेत सांगितलेली माझी हवेची गोधडी तिला आठवली असणार. मी मान हलवली. गुरुलिंग जरा वेळ उभा राहून बघत होता. जाताना म्हणाला, "माझी बी पाचट पडलीय. लागली तर न्या. न्हायतर पेटवावीच लागंल मला."

पोरं पांगल्यावर बलभीम माझ्याशेजारी येऊन बसला. त्यानं बिडी काढली, काडीपेटी शोधली, ती नव्हतीच, बिडी कानाला लावली.

"माती परत याला किती सालं लागतेल अप्पा?"

"तुझ्या हयातीत पुरी नाही यायची."

"तिच्या?"

"थोडी येईल. हे असं दरसाल केलं तर."

तो बराच वेळ लेकीकडं बघत बसला. ती सगळ्यात खालच्या कडेला, ओढा जिथून आत शिरला होता तिथं, एक मोठा दगड लोटत नेत होती.

*

त्या रात्री मी कार्ड लिहिलं. फाडलं नाही. कार्डावर जागा थोडी असते, ते एका परीनं बरं झालं.

"चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. ते मला लिहिता येत नव्हतं, म्हणून राहिलं. माझ्या गप्प राहण्याचा तू जो अर्थ घेतलास तो चुकीचा आहे. तुझ्या पप्पांनी पाऊस आणला नाही. तूही नाही. आभाळ तापवणारा धूर तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून साठतोय, आणि तो साठवणाऱ्यांनी तुमचं रान पाहिलेलंही नाही. पाचटीचा धूर त्यात चिमूटभर असेल. ती न पेटवता तुझ्या रानाला पांघरलीस, हे चांगलं झालं. त्यानं सगळं आभाळ थंड होणार नाही. तुझ्या हाताखालची जागा गार झाली, ती तू स्वतः बघितलीस. मोठ्या माणसांनी करायचं पुष्कळ आहे, ते त्यांना विचारत राहा. मलाही विचार. पप्पांची काडीपेटी त्यांना परत दे. हे पत्र आहे, यात खोटं लिहिलेलं नाही. महालिंगप्पा."

सकाळी मी पोस्टात गेलो. आमचं पोस्ट म्हणजे कल्याणप्पाच्या घराची पुढची खोली. तोच शिक्का मारतो, तोच वाटतो. त्यानं कार्डावरचा पत्ता वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"अप्पा, तुमच्या घरापासून चौथं घर हाय त्ये. एवढ्यासाठी कशाला पोस्ट? जाता जाता म्याच दितो की."

"नको. शिक्का मारून दे."

"ती पोरगी दिवाळीपर्यंत रोज मला आडवी येत हुती. माझं काय आलंय का म्हनून. मंग याची बंद झाली." त्यानं कार्ड उलटं करून थोडं वाचलं, मग वाचायचं थांबवलं. शाईच्या गादीवर शिक्का दोनदा दाबला, कार्ड नीट सरळ केलं आणि मारला.

शिक्का जरा तिरका पडला. तारीख मात्र स्वच्छ वाचता येत होती.